धूरसाहेब

दोन एप्रिल. आज दिवसभर धूर भरायचा होता.

आमच्या बस डेपोत एप्रिल लागला की हे काम येतं. वर्षभरात किती डिझेल जळलं ते संगणकातल्या तक्त्यात टाकायचं, तक्ता त्याचा कार्बन डायऑक्साइड करून देतो, आणि तो आकडा यवतमाळमार्गे मुंबईला जातो. तिथं राज्यातल्या सगळ्या गाड्यांचा मिळून एक आकडा तयार होतो म्हणे. मी तो कधी पाहिलेला नाही. माझ्याकडे आमच्या डेपोपुरता धूर असतो. प्रत्येक फेरीचा वेगळा, आणि शेजारच्या रकान्यात तो माणशी किती पडला तेही.

हे काम मला ज्यांनी शिकवलं, ते निवृत्तीच्या आधीची शेवटची काही वर्षं आमच्याकडे होते. विभागीय कार्यालयातून सांख्यिकी सहायक म्हणून आले. तिथं कुणाला तरी नकोसे झाले असावेत. आमच्यासारख्या आडबाजूच्या डेपोत कुणी स्वतःहून येत नाही. सगळे त्यांना धूरसाहेब म्हणायचे. तोंडावर नुसतं साहेब. दोन्ही त्यांना ठाऊक होतं.

उंच, खांद्यात वाकलेले, पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून पायाला सायकलच्या चिमट्या. चिमट्या ऑफिसातही काढायचे नाहीत. खिशात एक पांढरा रुमाल असायचा. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये तो घालून फिरवायचे आणि काळा झालेला रुमाल ड्रायव्हरच्या नाकासमोर धरायचे. बायकोनं तो धुवायला साफ नकार दिला होता, म्हणून ऑफिसच्या नळावर स्वतः धुवायचे. गंमत अशी की त्या काजळीशी त्यांच्या कामाचा संबंध नव्हता. ते स्वतःच सांगायचे, "हे काळं दिसतं ते वेगळं. मी मोजतो ते दिसत नाही."

"मंग रुमाल कायले खराब करता जी?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

"तुला न दिसणारं सांगितलं तर तू ऐकणार आहेस का?"

वर्कशॉपमधल्या लोकांचा त्यांच्या हिशेबावर मुळीच विश्वास नव्हता. एक लिटर डिझेल जाळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, असं ते सांगत. लिटरभर डिझेलचं वजन किलोभरही भरत नाही, हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत. एक मेकॅनिक एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "किलोभर टाकाव अन् अडीच किलो निघाव? साहेब, हे मशीन कोठी भेटते? मलेबी घेऊन द्या एक."

"तुझ्या घरी कापूस होते ना?" साहेबांनी विचारलं. एरवी ते पुस्तकी बोलायचे, वर्कशॉपमध्ये गेले की भाषा सैल सोडायचे.

"होते जी."

"जिनिंगवर विकायला नेण्याच्या आधी त्याच्यावर पाणी मारतो का नाही?"

मेकॅनिक दुसरीकडे पाहू लागला. बाकीचे हसायला लागले.

"सांग की."

"आता सगळेच मारते जी थोडंसं."

"कापूस तेवढाच. वजन वाढलं. कशानं? पाण्यानं. तसं डिझेल जळताना हवेतला प्राणवायू ओढून घेते. ते वजन त्याला चिकटते."

त्यानंतर आमच्या वर्कशॉपमध्ये कार्बन डायऑक्साइडला 'ओला कापूस' हे नाव पडलं. "आज तुझ्या गाडीनं लय ओला कापूस काढला बे," असं अजूनही कुणी कुणाला म्हणतं. नवीन लोकांना ते कुठून आलं हे माहीत नसतं.

सोबत काम करायला माणूस सोपा नव्हता. डबा उघडला की कुठला जिन्नस किती लांबून ट्रकनं आला ते सांगायचे. त्यांच्यासमोर सफरचंद खायची सोय राहिली नव्हती. ऑफिसच्या जीपमध्ये बसायचे नाहीत, कारण त्यात ते एकटे असत आणि सगळा धूर त्यांच्या नावावर पडे. दौऱ्यावर सायकलनं जायचे. उन्हाळ्यातसुद्धा. यवतमाळचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना मी जास्त सांगायला नको. रविवारी पांढरकवड्याला हायवेच्या कडेला एका ढाब्यावर बसून हैदराबादकडे जाणारे ट्रक बघायचे. सिनेमा बघावा तसे. त्यांच्या पत्नी एकदा ऑफिसात आल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, "मले त माहेरी जाचं म्हटलं तरी गाडी भरली का नाई ते सांगा लागते. रिकाम्या गाडीनं गेली त तोंड पाडते."

स्टँडवर उभी गाडी चालू ठेवलेली त्यांना खपत नसे. खिडकीपाशी जाऊन ड्रायव्हरला ती बंद करायला लावायचे. आमच्या काही गाड्या इतक्या जुन्या की बंद केल्या तर परत चालू होतील याचा भरवसा नाही, म्हणूनच ड्रायव्हर त्या चालू ठेवत. एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी उमरखेडची गाडी त्यांनी अशीच बंद करायला लावली. ती बंद झाली ती झालीच. गाडी खचाखच भरलेली. निम्मे पुरुष खाली उतरून धक्का मारायला लागले. धूरसाहेब सगळ्यात पुढं होते. चिमट्या लावलेले पाय रोवून मारत होते. पिशवीत कोंबडी घेतलेली एक म्हातारी खिडकीतून ओरडली, "अरे, या बाबाले कोणी खाटेवर निजवा रे, मरन हा!" गाडी अर्ध्या रस्त्यात चालू झाली. काळ्या ढगात साहेब दिसेनासे झाले. बाहेर आले ते म्हणत, "बॅटरी बदलली पाहिजे. चूक माझी नाही, बॅटरीची आहे." बॅटरीसाठी त्यांनी इतकी पत्रं लिहिली की शेवटी बॅटऱ्या खरंच आल्या.

त्यांचा एक नेहमीचा प्रश्न होता. "मग ते गेलं कुठं?" ऑफिसातला पेन हरवला, साखरेचा डबा रिकामा झाला, कुणाची बदली झाली, काहीही झालं तरी हेच. "गायब काही होत नसतं ताई. जागा बदलते." मी ते इतक्यांदा ऐकलंय की पहिली काही वर्षं त्याकडे लक्षच दिलं नाही.

आता त्या फेरीबद्दल सांगते. आजचा माझा सगळा दिवस तिनंच खाल्ला.

आमची एक मुक्कामी गाडी आहे. संध्याकाळी इथून निघते, रानाकडच्या शेवटच्या गावात रात्री थांबते आणि सकाळी परत येते. वाटेत दोन-तीन गावं आणि एक पोड, म्हणजे कोलामांची वस्ती. पोडापर्यंत रस्ता जात नाही. तिथली माणसं पायवाटेनं फाट्यावर येतात आणि गाडी पकडतात. धूरसाहेबांनी पहिल्यांदा फेरीवार तक्ता केला तेव्हा माणशी धुरात ही गाडी सगळ्यात वर निघाली. तिकीट मशीनप्रमाणे सकाळी तिच्यात बोटांवर मोजण्याइतकीच माणसं. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'फेरी बंद करावी.' तेव्हाच्या डेपो मॅनेजरना कारणच हवं होतं. ड्रायव्हर कमी, रस्ता खराब. दिवाळीच्या सुटीत गाडी बंद झाली ती सुटी संपल्यावर सुरू झालीच नाही.

पुढच्याच महिन्याच्या डिझेलच्या हिशेबात आमच्या डेपोचा धूर घटला. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. मॅनेजरनी ते फ्रेम करून स्वतःच्या खुर्चीमागे लावलं. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. ते पहिल्यांदाच आणि शेवटचंच.

शाळकरी मुलींच्या पासचं काउंटर तेव्हा माझ्याकडे होतं. शाळेत जाणाऱ्या मुलींना प्रवास फुकट असतो, पास काढून घ्यायचा एवढंच. थंडीत एक मुलगी आली. नववी-दहावीतली, पोडावरची. पास खिडकीतून आत सरकवून म्हणाली, "मॅडम, हा पास काळीपिवळीत चालते का?"

काळीपिवळी म्हणजे खेपा मारणारी खाजगी जीप. मी म्हटलं, "नाही बाई. तो फक्त बसमध्ये."

"पन बस त बंद केली ना तुमी."

माझ्या मागं धूरसाहेब बसलेले. त्यांनी मान वर केली. "कोणती बस?"

तिनं सांगितलं.

"त्या गाडीत कुणी नव्हतं," साहेब म्हणाले. "रिकामी यायची."

"रिकामी?" ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. "आमी उभ्यानं येत होतो जी. फाट्यावर जागाच नाई भेटे."

"मशीनमध्ये तर कुणी नाही."

"मंग आमी कशात मोडतो जी?"

मी विचारलं, मग आता कशा येता? म्हणाली, "काळीपिवळीनं. दोघीतिघी मांगं लटकते. दोघीजनी त येतच नाई आता, त्याइच्या घरचे नाई म्हने." मग पास परत घेऊन निघून गेली. शाळेची वेळ झाली होती.

साहेब तसेच उठले आणि त्या फेरीच्या कंडक्टरला शोधून काढला. तो कँटीनमध्ये पोहे खात होता. पासवाला प्रवासी चढला की त्याचा पास मशीनवर मारायचा असा नियम आहे. तिकीट शून्य रुपयांचं निघतं, पण माणूस मोजला जातो.

"मुलींचे पास तू मशीनवर मारत नव्हतास?"

"रोजच्याच पोरी जी त्या," कंडक्टर म्हणाला. "मले नावानिशी मालूम. कोनाची परीक्षा आहे, कोनाचा बाप बिमार आहे. त्याहिले काय रोज रोज पास मांगू? ओळख नसन त्याले मांगते मानूस."

"म्हणजे ओळखीच्या होत्या म्हणून मोजल्या नाहीस."

"हाव."

साहेब त्याच्यावर रागावले नाहीत. समोर बसले, त्याच्या बशीतले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि म्हणाले, "आणि मी ओळख नव्हती म्हणून मोजल्या नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी सायकलनं फाट्यावर जाऊन उभे राहू लागले. छत्री, चिमट्या, हातात कागद अडकवलेली पाटी. जीपवाल्यांना वाटलं आरटीओचा माणूस आहे. पहिल्या दिवशी एकही जीप त्या फाट्याला आली नाही. सगळ्या नाल्याकडच्या कच्च्या रस्त्यानं फिरून गेल्या, आणि मुली शाळेला मुकल्या. त्या साहेबांवर अशा काही तुटून पडल्या की चहाच्या टपरीवाल्याला मध्ये पडावं लागलं. त्यांनी छत्री घरी ठेवली आणि जीपवाल्यांबरोबर चहा प्यायला सुरुवात केली. तेव्हा कुठं जीपवाले येऊ लागले.

"तुझी गाडी किती ॲव्हरेज देते?" ते एकेकाला विचारायचे.

"लय चांगलं देते, साहेब. नवी असल्यासारखी."

"खरं सांग. मी पकडायला नाही आलो. धूर मोजतो."

"धूर मोजून विकता काय जी?" टपरीवर हशा. मग एकजण म्हणाला, "बसून पाहा ना एक डाव. मांगून चालत्या सायकलवाल्याले इचारा कसा आहे धूर."

साहेब बसले. ऑफिसच्या जीपमध्ये न बसणारा माणूस आठवडाभर काळीपिवळीनं ऑफिसात आला. एकदा तर मागच्या फळीवर लटकून. त्यांच्या डोक्यात, भुवयांत लाल माती असायची. खुर्चीवर बसून आधी हिशेब लिहायचे, मग तोंड धुवायचे. शनिवारी माझ्या टेबलाशी आले.

"ताई, एका बसऐवजी किती जीपा धावतात ते पाहिलं. जुन्या, खडखडत्या. धूर कमी झालेला नाही. वाढलाय. फक्त आपल्या कागदावरून उतरलाय."

"गेला कुठं?" मी म्हटलं. मला राहवलं नाही.

त्यांना विनोद कळला नाही. किंवा कळला असेल. "ज्याचा तक्ताच कोणी करत नाही तिथं," म्हणाले.

मॅनेजरच्या केबिनमध्ये मी होते, दुसऱ्या एका कामासाठी. साहेबांनी सगळं सांगितलं. मॅनेजर खुर्चीत मागं रेलले तेव्हा त्यांचं डोकं बरोबर त्या फ्रेमला टेकलं.

"साहेब, घट झाली म्हणून आपण वर कळवलं. कौतुक झालं. आता काय कळवू, वाढ झाली?"

"वाढ नाही. चूक झाली असं कळवा."

"कोणाची?"

"माझी. शेरा माझा होता."

"तुमच्या निवृत्तीचे कागद वर गेलेत." मॅनेजर वाईट माणूस नव्हता. समजावून सांगत होता. "चार महिने कळ काढा. नंतर मी स्वतः बघतो त्या गाडीचं."

"चार महिन्यांत शाळेचं वर्ष जातं."

"कागद अडकतील साहेब."

"अडकतील म्हणजे तिथं कोणीतरी कागद वाचतं आहे ना? मग त्यांना अजून एक द्या."

कागद अडकलेच. चुकीचा आकडा दिल्याबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागवला. त्यांनी इतका लांबलचक खुलासा पाठवला की वरून विचारणा झाली, हा खुलासा आहे की अहवाल? त्यात ओला कापूसही होता, असं मला टाइप करणाऱ्या मुलीनं सांगितलं. अभिनंदनाचं पत्र परत मागवलं गेलं. मॅनेजरनी ते फ्रेममधून काढून पाठवलं आणि रिकामी फ्रेम तिथंच राहू दिली. गाडी होळीच्या आधी सुरू झाली. साहेबांचे पैसे मात्र निवृत्तीनंतर बराच काळ लटकले. त्यापायी त्यांच्या पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं. त्या माउलीनं ते मला फोनवर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून.

ज्या दोघींची शाळा सुटली होती त्यातली एक परत आली. दुसरीचं लग्न ठरलं होतं.

जाण्याआधी साहेबांनी मुलींना एक सवय लावली. गाडीत चढताना प्रत्येकीनं ओरडायचं, "पास मारा जी!" कंडक्टर वैतागायचा. मुलींना मजा यायची. त्या मुद्दाम सुरात ओरडायच्या, आणि ड्रायव्हर आरशात बघून हसायचा.

निवृत्त होऊन ते ढाणकीला गेले, तिथं त्यांचं घर होतं. दर एप्रिलला फोन यायचा. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "भरला का धूर?" मी हो म्हटलं की, "फाट्यावर कोणी गेलं होतं का?" मी दरवर्षी हो म्हणायचे. एखाद्या शिपायाला पाठवलेलं असायचं.

मागच्या दिवाळीनंतर ते गेले. मी बसनं ढाणकीला जाऊन आले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पोरानं स्वर्गरथ बोलावला होता. दारात उभा राह्यला, चालूच. मीच म्हटलं, बंद कर बावा, नाहीतर हे उठून बसतीन." मग शेजाऱ्यांनी खांद्यावर नेलं. लाकडांचा हिशेब कोणी काढला नाही.

तर आज. तक्ता भरत आले आणि सगळ्यात वर पुन्हा तीच फेरी. माणशी धूर सर्वांत जास्त. सकाळच्या गाडीत माणसं जवळजवळ नाहीतच. नवीन कंडक्टर तिथलाच, शेवटच्या गावचा. त्याला फोन लावला.

"मुलींचे पास मारतोस का?"

"मॅडम, त्यातल्या पोडावरच्या दोन माह्या भाच्या आहे," तो म्हणाला. "बाकीच्या त्याइच्या मैतरनी."

"म्हणून मारत नाहीस."

"तसं नाई... मंग काय परक्यासारखं मांगू काय?"

आताचे मॅनेजर तरुण आहेत, सभ्य आहेत. तक्ता बघून म्हणाले, "मॅडम, पुढं इलेक्ट्रिक गाड्या मिळवायच्या तर आधी डिझेल कमी केलेलं दिसलं पाहिजे. ही फेरी जूनपासून नको. तसा शेरा टाका, मी सही करतो."

मी म्हटलं, "त्यात मुली असतात."

"मशीनमध्ये नाहीत. आणि मशीनमध्ये नाही ते मी कसं लिहू? तुमच्याकडे मोजलेलं काही आहे?"

माझ्याकडे नव्हतं. या वर्षी शिपायाची जागा रिकामी आहे आणि मी कुणालाच पाठवलं नव्हतं. फोनही आला नव्हता विचारायला.

"तक्ता उद्या दुपारी देते," मी म्हटलं.

तीन एप्रिल. सकाळची शाळा असल्यामुळे उजाडता उजाडता स्कुटी काढली. तिच्या पेट्रोलचा हिशेब मला कुणी विचारणार नव्हतं. फाट्यावर पोचले तेव्हा पायवाटेनं पोडावरच्या मुली येत होत्या, ओल्या वेण्या, पाठीवर दप्तरं. टपरी उघडलेली, मागं एक काळीपिवळी उभी. गाडी आली. कंडक्टरनं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, तुमी कायले आल्या?"

"मोजायला." मी पायरीवर चढून दारात आडवी उभी राहिले. "मशीन काढ. आणि तुम्ही पोरींनो, एकेकीनं चढा. चढताना कंडक्टरमामाला ओरडून सांगायचं, पास मारा."

मुली एकमेकींकडे पाहून फिदीफिदी हसल्या. सगळ्यात पुढं होती ती त्याचीच भाची. ती मोठ्यांदा ओरडली, "पास मारा जी, मामा!"

त्यानं मारला. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट बाहेर आलं. गाडी भरली, दुपारच्या तक्त्यासाठी मी आकडा वहीत उतरवला, मग खाली उतरून काळीपिवळीतही डोकावले, कोणी उरलं नाही ना ते पाहायला.